वाकडी कंबर, सरळ व्यायाम

जिममध्ये नाव घातले की पहिल्या आठवड्यातच ट्रेनर आरशासमोर उभे करतो. कंबरेच्या दोन्ही हाडांवर बोटे ठेवतो, खाली वाकून नीट पाहतो आणि सांगतो, "उजवी बाजू वर आहे. पेल्विस तिरका आहे. आधी तो सरळ करावा लागेल." ऐकणारा हबकतो. कालपर्यंत तो जिने चढत होता, बस पकडायला धावत होता, गॅसचा सिलिंडर हलवत होता. आज मात्र आपल्या शरीराचा पायाच कलला आहे, अशी धास्ती त्याच्या मनात बसते. मग वजन उचलणे बंद होते आणि महिनोन्महिने नुसते स्ट्रेचिंग चालते. काहीजण 'कंबर सरकली' म्हणून ती बसवून घेतात. काही दिवसांनी ती पुन्हा 'सरकते', पुन्हा बसवली जाते.

ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते आणि तिच्यापायी चांगली चालती-फिरती माणसे व्यायामाला मुकतात. कंबरेच्या डाव्या-उजव्या बाजूंत थोडा फरक असणे ही माणसाच्या शरीराची सर्वसाधारण स्थिती आहे. त्या फरकामुळे व्यायाम थांबवायचा नसतो, पण आखताना तो ध्यानात जरूर घ्यायचा असतो. त्यासाठी आधी या हाडांची रचना पाहू.

हाडांचा घेर

शास्त्रीय मराठीत ज्याला श्रोणी म्हणतात, तो पेल्विस म्हणजे कंबरेखालचा हाडांचा घेर. मागे मध्यभागी त्रिकास्थी, तिच्या टोकाला माकडहाड आणि दोन्ही अंगांना एकेक रुंद हाड. ही दोन रुंद हाडे पुढे जांघांच्या मधोमध एकमेकांना भेटतात. बाजूचे प्रत्येक हाड लहानपणी तीन वेगवेगळ्या हाडांचे असते. ती तिन्ही खुब्याच्या वाटीपाशी एकत्र येतात आणि किशोरवयात जुळून एकसंध होतात. अशा लांबलचक वाढीतून डावी आणि उजवी बाजू हुबेहूब सारखी निघणे अवघडच.

धडाचा सगळा भार कण्यावरून त्रिकास्थीवर येतो, तेथून तिला बाजूच्या हाडांशी जोडणाऱ्या दोन सॅक्रोइलियाक सांध्यांतून खुब्यांकडे आणि पुढे पायांत उतरतो. हे सांधे अतिशय चिवट अस्थिबंधांनी आवळलेले असतात. ते किती हलतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८९ मध्ये मोजले. रुग्णांच्या हाडांत बारीक धातूचे मणी बसवून वेगवेगळ्या स्थितींत क्ष-किरण चित्रे घेतली. सांध्याचे फिरणे सरासरी दोन-अडीच अंशांचे आणि सरकणे एका मिलिमीटरहूनही कमी भरले. याच पद्धतीने १९९८ मध्ये स्वीडनमध्येच आणखी एक तपासणी झाली. कंबर 'बसवण्या'आधी आणि नंतर हाडांची जागा मोजली गेली. हाताने तपासणाऱ्यांना आता सांधा जागेवर आला असे वाटत होते, पण मोजमापात हाडे होती तिथेच होती.

याचा अर्थ कंबर बसवून घेतल्यावर वाटणारा आराम खोटा, असा नाही. आखडलेले स्नायू सैल पडतात, मज्जासंस्थेकडून येणारी दुखण्याची जाणीव उतरते, माणूस मोकळा चालू लागतो. पण त्याचे कारण हाड जागेवर आले हे नव्हे. त्यामुळे 'आपली कंबर सारखी निसटते' ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. अपघातासारखा मोठा आघात सोडला, तर हा घेर सहजासहजी निसटत नाही.

बोटांनी घेतलेले माप

आता त्या ट्रेनरच्या बोटांकडे वळू. कंबरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारे हाडाचे टोक आणि मागे, पाठीच्या खळीजवळ लागणारे दुसरे टोक, या दोन खुणांवरून श्रोणी पुढे किती झुकली आहे आणि कोणती बाजू वर आहे याचा अंदाज बांधला जातो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांच्या ३० श्रोणी एकाच ठरावीक स्थितीत ठेवून ही टोके मोजली. स्थिती एकच, तरी दोन टोकांमधला कोन कुणात ० अंश तर कुणात २३ अंश निघाला. एकाच व्यक्तीच्या डाव्या आणि उजव्या बाजूतही ११ अंशांपर्यंत फरक सापडला. म्हणजे श्रोणी जागच्या जागी नीट असूनही केवळ हाडाच्या घडणीमुळे ती बोटांना तिरकी लागू शकते. शिवाय कातडी आणि चरबीवरून या खुणा चाचपताना दोन तपासनिसांचे एकमत होतेच असे नाही.

श्रोणी पुढे झुकलेली असणे हाही दोष मानला जातो. २०११ मधल्या एका पाहणीत कुठलेही दुखणे नसलेल्या लोकांपैकी ८५ टक्के पुरुषांत आणि ७५ टक्के स्त्रियांत असा पुढचा झुकाव दिसला. जी गोष्ट चांगल्या धडधाकट बहुसंख्य माणसांत सापडते, तिला आजार म्हणता येत नाही.

पायांच्या लांबीचेही तसेच. २००५ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सुमारे ९० टक्के लोकांच्या दोन पायांच्या हाडांत काही ना काही फरक आढळला आणि तो सरासरी ५.२ मिलिमीटर होता. बहुतेकांना साधारण २० मिलिमीटरपर्यंत या फरकाचा विशेष त्रास होत नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. नव्या पँटचा एक पाय जमिनीला टेकतो आणि दुसरा टेकत नाही, हे शिंप्याच्या लक्षात येते. चपलेचा एकच तळ लवकर झिजतो, हे चांभाराच्या लक्षात येते. माणसाच्या मात्र ते गावीही नसते, कारण कणा, खुबे, गुडघे आणि घोटे मिळून तो फरक सामावून घेतात. टेबलाचा एक पाय आखूड असला की ते डुगडुगते. शरीराला सांधे आणि स्नायू आहेत, ते जुळवून घेते.

तिरकेपणाचे तीन प्रकार

कंबर तिरकी दिसली, तर तिच्यामागे ढोबळमानाने तीनपैकी एक कारण असते.

पहिला प्रकार हाडांचा. पायाची लांबी, श्रोणीची घडण, खुब्याच्या वाटीची दिशा किंवा कण्याचा बाक, म्हणजे स्कोलिओसिस. व्यायामाने हाडाची लांबी किंवा वाटीची दिशा बदलत नाही. ती आहे तशी स्वीकारून व्यायामच शरीराला जुळवून घ्यायचा.

दुसरा प्रकार स्नायूंचा आणि सवयीचा. मूल नेहमी एकाच कडेवर घेणे, लोकलमध्ये दांडा धरून कायम त्याच पायावर भार टाकणे, घोटा मुरगळून गेल्यावर त्या पायाला नकळत जपत राहणे. यांनी हाड वाकत नाही, पण एका बाजूचा स्नायू कमजोर होतो किंवा शरीराला एकच ढब अंगवळणी पडते. व्यायामाचा खरा उपयोग इथेच होतो.

तिसरा प्रकार दुखण्याचा. कंबरेत उसण भरली की माणूस एका बाजूला कलून चालतो. तो कलही दुखण्यापासून बचावासाठी शरीराने घेतलेला असतो. आरशात पाहून तो जबरदस्तीने सरळ करू नये. दुखणे ओसरले की कलही बहुधा आपोआप जातो.

पहिल्या दोन प्रकारांत घरी थोडा अंदाज घेता येतो. उभे असताना कंबर तिरकी दिसते, पण सपाट लाकडी स्टुलावर बसल्यावर ती समपातळीत येते, तर कारण पायांत शोधावे. बसल्यावरही तिरकीच राहिली, तर ते श्रोणीत किंवा कण्यात असण्याची शक्यता जास्त. हे निदान नव्हे. डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलताना उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे.

एका पायावरचे गणित

चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एका पायावर असतो. त्या क्षणी काय घडते ते पाहा. उजवा पाय जमिनीवर, डावा हवेत. शरीराचा भार मध्यरेषेजवळ, म्हणजे उजव्या खुब्यापासून आतल्या बाजूला बराच लांब असतो आणि कंबर डावीकडे खाली ओढू पाहतो. तिला सावरायला उजव्या नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या भागातला ग्लुटियस मीडियस हा स्नायू धावतो. पण तो खुब्याच्या अगदी जवळ असल्याने त्याला तरफेचा फायदा कमी मिळतो. म्हणून त्याला शरीराच्या वजनाहून कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. या जोराची आणि वजनाची बेरीज खुब्याच्या सांध्यावर येते. साध्या चालण्यातही हा दाब शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो.

हा स्नायू कमी पडला तर मोकळी बाजू खाली झुकते. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे लक्षण वर्णन केले. रुग्णाला एका पायावर उभे करून कंबर कुठे जाते ते पाहण्याची त्यांच्या नावाची चाचणी आजही ऑर्थोपेडिक तपासणीत वापरतात. चालताना कंबर चार-पाच अंश खालीवर होणे स्वाभाविकच आहे. दोन्ही बाजूंना ते सारखे होते का आणि आपल्या ताब्यात असते का, हे महत्त्वाचे. दोन पायांवर स्थिर उभ्या माणसाच्या फोटोवर रेघा मारून जे कळत नाही, ते तो एका पायावर उभा राहिला की कळते.

स्क्वॉटमध्ये काय दिसते

व्यायामात ही असमानता सर्वांत स्पष्ट दिसते ती स्क्वॉटमध्ये. कंबरेच्या उंचीवर मोबाइल ठेवून पाठीमागून चित्रण करा आणि ते हळू गतीने पाहा. खाली जाताना सगळे ठीक असते. तळाला पोचून वर उठताना, पहिल्या काही इंचांत, नितंब एका बाजूला सरकतात. समजा ते उजवीकडे गेले. डाव्या टाचेखालचा भार हलका होतो, उजवा गुडघा अधिक काम करतो, खांद्यावरचा बार किंचित कलतो. अर्धे अंतर चढून आल्यावर शरीर पुन्हा मध्यावर येते. शरीर आणि बार मिळून १४० किलो धरले आणि भाराची वाटणी ६० आणि ४० टक्के झाली, तर एका पायावर ८४ किलो येतात, दुसऱ्यावर ५६. पाय दोन, पण व्यायाम एकाचाच जास्त होतो.

हे पाहिले की लोक लगेच श्रोणीला दोष देतात. पण कारण अनेकदा भलतीकडेच सापडते. जुन्या मुरगळीनंतर डावा घोटा ताठ झाला असेल, तर डावा गुडघा पुढे जाऊ शकत नाही आणि शरीर उजवीकडे वाट काढते. हे तपासायला दोन्ही टाचांखाली इंचभर उंचीची वजनाची चकती ठेवून तोच स्क्वॉट करा. सरकणे थांबले, तर काम घोट्यावर करायचे. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर त्या मांडीचा पुढचा स्नायू कमजोर राहिला असण्याची शक्यता मोठी. आणि काहींच्या खुब्याच्या वाटीची किंवा मांडीच्या हाडाच्या मानेची दिशाच दोन बाजूंना वेगळी असते. मांडीच्या हाडाची मान प्रौढांत सरासरी १५ अंशांच्या आसपास पुढे वळलेली असते, पण माणसामाणसांत त्यात मोठा फरक पडतो. अशा माणसाला दोन्ही पावले आरशातल्या प्रतिमेसारखी ठेवायला लावणे चूक आहे. एक पाऊल थोडे अधिक बाहेर वळवून खुब्यात चिमटा न बसता खाली जाता येत असेल, तर त्याच्यासाठी तीच योग्य ठेवण.

डेडलिफ्टमध्ये एक हात पालथा आणि एक उताणा अशी पकड घेतली की धडाला पीळ पडतो. दर सेटला हात बदलले की तो एकाच बाजूला साचत नाही. धावणाऱ्यांनी रस्त्याकडे पाहावे. आपले डांबरी रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात. रोज त्याच कडेने धावणारा माणूस एक पाय उंच आणि एक सखल जागी टाकत मैलोन्मैल जातो, म्हणजे नसलेला लांबीचा फरक स्वतःच तयार करतो. मॅरेथॉनच्या तयारीत खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले, तर बुटांना दोष देण्याआधी धावण्याचा मार्ग बदलून पाहावा. सूर्यनमस्कारातही पहिला पाय कोणता मागे जातो याकडे लक्ष द्या. पुष्कळांचा तो कायम एकच असतो. एका नमस्काराला उजवा, पुढच्याला डावा, असा क्रम ठेवला की दोन्ही खुब्यांना सारखे काम मिळते.

जगज्जेत्यांच्या कंबरा

१६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्याच्या कण्याला स्कोलिओसिसचा बाक आहे आणि त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड आहे. संशोधक पीटर वेयँड यांच्या गटाने अमेरिकेत त्याच्या धावण्याच्या चित्रफितींचे विश्लेषण केले. उजवा पाय जमिनीवर सुमारे १३ टक्के अधिक जोराने आदळत होता, तर डावा सुमारे १४ टक्के अधिक वेळ जमिनीवर राहत होता. जगातला सर्वांत वेगवान माणूस दोन पायांनी दोन वेगळ्या तऱ्हांनी धावत होता. म्हणून बोल्टने बाकाकडे दुर्लक्ष केले असे नाही. तरुणपणी त्याला पाठीचा आणि मांडीमागच्या स्नायूंचा त्रास झाला, आणि पोट, पाठ व कंबरेच्या स्नायूंवर त्याने वर्षानुवर्षे मेहनत घेतली. बाक तसाच राहिला, पण त्याच्याभोवतीची ताकद वाढली.

लामार गँट या अमेरिकन पॉवरलिफ्टरच्या कण्याला डोळ्यांना सहज दिसेल एवढा बाक होता. तो ६० किलो वजनी गटात खेळायचा. १९८५ मध्ये त्याने ३०० किलोंची डेडलिफ्ट केली, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपट.

काही वेळा खेळच शरीराला एकांगी घडवतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अव्वल खेळाडूंचे एमआरआय काढले, तेव्हा लाथ मारणाऱ्या पायाच्या बाजूचा सोअस हा मांडी वर उचलणारा स्नायू मोठा दिसला आणि विरुद्ध बाजूचा कंबरेचा चौकोनी स्नायू मोठा दिसला. हा फरक असलेल्यांना दुखापती अधिक होतात, असे मात्र आढळले नाही. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांत गोलंदाजीच्या हाताकडचा तो चौकोनी स्नायू मोठा होतो. त्याचा मणक्याच्या ताण-फ्रॅक्चरशी संबंध आहे का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. एखाद्या कामासाठी घडलेली असमानता ही त्या कामाची तयारीसुद्धा असू शकते.

मग करायचे काय

जो फरक व्यायामाने बदलतो, त्यावर मेहनत घ्यावी. जो बदलत नाही, त्याला वळसा घालावा.

दोन पायांचे व्यायाम चालू ठेवा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बैठका न दुखता होत असतील, तर थोड्या तिरकेपणासाठी ते सोडू नका. वजन हळूहळू वाढवा. शेवटच्या दमछाकीच्या आवर्तनांत सरकणे वाढत असेल, तर तिथेच सेट संपवा.

त्यांच्या जोडीला एका पायाचे व्यायाम घ्या. मागचा पाय बाकावर ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॉट, पायरीवर चढणे-उतरणे, एका पायावरची डेडलिफ्ट, साइड प्लँक. यांत दणकट बाजू कमजोर बाजूचे काम लपवू शकत नाही. सुरुवात नेहमी कमजोर बाजूने करा. ती नीट १० वेळा करू शकली, तर दणकट बाजूनेही १० वेळाच करा, पुढे जाऊ नका. कमजोर बाजूला हवा तर एक जादा सेट द्या. एका हातात जड डंबेल धरून ताठ चालणे हाही उत्तम व्यायाम आहे. वजन उजव्या हातात असले की कंबर सावरण्याचे काम डाव्या बाजूला करावे लागते, आणि हात बदलला की उलट.

आपली पातळी पाहण्यासाठी आरशासमोर सहा-आठ इंचांच्या पायरीवर एका पायाने उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवून परत वर या. कंबर एका बाजूला कोसळते का, गुडघा आत वळतो का, तोल जातो का, हे दोन्ही बाजूंना पाहा. पायांवरच्या भाराचा अंदाज हवा असेल, तर वजनाचे दोन काटे शेजारी ठेवून एकेक पाय एकेकावर ठेवा, समोर पाहा आणि दुसऱ्याला आकडे वाचायला सांगा. ३३ आणि ३७ किलो आले तर घाबरू नका. असा फरक रोज थोडा बदलतो. तीच बाजू सतत आणि ठळकपणे हलकी राहिली, तरच त्याची दखल घ्या.

बुटात टाचेखाली उंचवटा घालणे हा उपाय स्वतःहून करू नये. टेपने घरी मोजलेल्या पायाच्या लांबीत फरकाएवढीच चूक होऊ शकते. उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रावरून तज्ज्ञांनी ठरवले, तरच उंचवटा घालावा, आणि तोही टप्प्याटप्प्याने.

कधी थांबायचे

काही लक्षणांत व्यायामाआधी डॉक्टर गाठायला हवा. पायात बधिरता किंवा वाढती कमजोरी, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, तापासोबतची कंबरदुखी, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा. जांघेत खोल दुखत असेल आणि खुबा आत वळवता येत नसेल, तर त्या सांध्याची तपासणी करून घ्या, विशेषतः स्टिरॉइड औषधे दीर्घकाळ घेतली असतील तर. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर श्रोणीच्या पुढच्या सांध्यात दुखत असेल, तर एका पायाचे व्यायाम विचारल्याशिवाय करू नयेत.

वाढत्या वयाच्या मुलांकडे, विशेषतः १० ते १४ वर्षांच्या मुलींकडे अधिक लक्ष द्यावे. मुलीला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर ऑर्थोपेडिक तज्ज्ञांना दाखवा. कण्याचा बाक १० अंशांहून अधिक असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि वाढ चालू असताना तो लवकर लक्षात आला तर उपचारांना वाव असतो.

बाकी सगळ्यांनी व्यायामाच्या वहीत दोन रकाने आखावेत, डावा आणि उजवा. प्रत्येक पायाने किती वजन किती वेळा पेलले ते लिहावे, आणि दोन-तीन महिन्यांनी पाने उलटून पाहावीत. दोन्ही रकाने वाढत असतील, त्यांच्यातले अंतर कमी होत असेल आणि दुखत नसेल, तर तुमचा व्यायाम योग्य मार्गावर आहे. मग आरशात कंबरेची रेघ कुठे का दिसेना.